बाबली तांडेलाचं पत्र

सत्त्याऐंशी सालच्या गणेशचवथीनंतरचा गुरुवार होता. मालवणच्या बाजारामागच्या लहानशा वाचनालयात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मुंबईकरांच्या मंडळाने भेट दिलेला टीव्ही वर्तमानपत्रांच्या टेबलावर मांडला होता. गच्चीवरच्या बांबूला बांधलेला अँटेना गोव्याच्या दिशेने वळवलेला. चित्रात मुंग्या आल्या की गच्चीवरचा माणूस ओरडायचा, "इला काय?" आणि खालून शंभर गळे एकदम म्हणायचे, "इला, इला! आता थंयच धर!"

पुढच्या रांगेत मधोमध भाईंची खुर्ची होती. भाई म्हणजे गुरुदास आजगावकर, साप्ताहिक 'जागल'चे संपादक. नावाला संपादक, बाकी सगळंच तेच. बातमी आणायची त्यांनी, लिहायची त्यांनी, आणि शनिवारी सकाळी अंकांचा गठ्ठा काखेत मारून पोस्टातही त्यांनीच पोचवायचा. पस्तीस वर्षांत त्यांनी एक अंक चुकवला नव्हता. बायको गेली त्या आठवड्यातसुद्धा 'जागल' वेळेवर निघाला होता.

त्यांच्या शेजारी नीरजा बसली होती, त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं सगळं बालपण छापखान्यातल्या शाईच्या वासात गेलं होतं. आता ती मुंबईत असायची, दूरदर्शनसाठी लिहायची. आणि आज लोक जमले होते ते तिचीच मालिका बघायला. 'चार पानं' हे मालिकेचं नाव. कोकणातल्या एका लहान गावातलं साप्ताहिक आणि ते चालवणारा नाना नावाचा संपादक यांची गोष्ट. नाना कोण ते गावात कुणाला सांगावं लागलं नव्हतं. पडद्यावरचा नट चष्मा कपाळावर सरकवून पेन्सिल कानामागे खोचायचा तेव्हा वाचनालय हसून लोटपोट व्हायचं आणि मागून कोणीतरी म्हणायचं, "भाईनु, तुमची पेन्सिल खंय गेली?"

पहिले चार भाग भाईंनी असेच हसत, लाजत पाहिले होते. पाचवा भाग बघायला नीरजा मुद्दाम चवथीची रजा वाढवून थांबली होती. "हा माझा सगळ्यांत आवडता भाग आहे, बाबा," एवढंच ती म्हणाली होती.

भाग सुरू झाला. नानाच्या टेबलावर टपाल येऊन पडतं. नाना एक पाकीट फोडतो आणि मोठ्याने वाचतो:

"संपादक महाशय, मी खाडीतल्या तरीवर तांडेल आहे. तरीच्या दोन फळ्या कुजल्या आहेत. मी मालकांस तीन वेळा सांगितले. मालक म्हणतात, पावसानंतर बघू. तळातून पाणी येते ते मी डब्याने उपसतो आणि माणसांकडे बघून हसतो. कारण माणसे घाबरली तर एका बाजूला होतात आणि तर कलते. माझे हसणे किती दिवस पुरेल ते सांगता येत नाही."

 भाईंनी खुर्चीचे दांडे धरले.

पडद्यावर त्या तरीचा, म्हणजे खाडीपार माणसं नेणाऱ्या होडीचा, मालक येतो, नानाला आधी गोड बोलतो, मग दमात घेतो. नाना चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, "शनिवारी छापून येईल. पहिल्या पानावर." आणि येतं. गावात हलकल्लोळ होतो. कुजकी तर ओढून किनाऱ्यावर घेतात, नवी तर पाण्यात पडते. शेवटी तो तांडेल काळोख पडायच्या आत घरी येतो, पाय धुतो आणि बायकोने वाढलेल्या पानावर बसतो.

वाचनालयात टाळ्या पडल्या. कोणीतरी भाईंच्या पाठीवर थापही मारली. नीरजा त्यांच्या कानाशी वाकली. तिचे डोळे भरून आले होते.

"पत्रातला एक शब्दसुद्धा मी बदललेला नाही, बाबा. मला अजून पाठ आहे. फक्त शेवट बदलला. त्या माणसाला मी घरी पोचवला. लेखकाला तेवढं तरी करता येतं."

भाईंनी मान हलवली.  उठता उठता त्यांची नजर खिडकीकडे गेली. बाजार आटोपून घरी जायच्या आधी मासे विकणाऱ्या चारपाच बायका खिडकीबाहेर उभ्या राहून बघत होत्या. त्यांत राधाबाई होती. बाकीच्या बायका पाट्या उचलून निघाल्या, पण ती बंद झालेल्या पडद्याकडे अजून बघतच होती.

राधाबाई म्हणजे बाबली तांडेलाची विधवा.

पत्र खरं होतं. एकाहत्तरच्या वैशाखात ते 'जागल'च्या कचेरीत आलं होतं. देवबागहून कर्लीची खाडी ओलांडायला जी तर चालायची, तिच्यावर बाबली केळुसकर तांडेल होता, ती तोच वल्हवायचा. त्याने ते गावातल्या एका मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. पाकीट नीरजानेच फोडलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, नुकतीच मॅट्रिक झालेली. वाचून ती धावत भाईंकडे आली आणि म्हणाली, "बाबा, हे मी जुळवू?" सुट्टीत दत्तारामने तिला खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला शिकवलं होतं. दत्ताराम छापखान्याचा जुना जुळारी. तिने दिवसभर उभं राहून एकेक खिळा उचलून ते पत्र जुळवलं. तिच्या हातचा तो पहिला सबंध मजकूर. प्रूफात एकच चूक निघाली. सोमवारी पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने ती कॉलेजसाठी मुंबईला मावशीकडे गेली.

भाई तिला बोटीवर पोचवून आले ते तडक भिकाजीशेटांकडे गेले. त्या तरीचे मालक भिकाजीशेट. दोघे एका बाकावर बसून शिकलेले. वाचनालयासाठी दारोदार फिरून दोघांनीच पुस्तकं गोळा केली होती. भाईंना वाटलं, छापण्याआधी मित्राला एका शब्दाने विचारावं. त्यात वावगं काय?

भिकाजीशेट पत्र वाचून हसले. "छाप हवं तर. मी नको म्हणणार नाही. पण उद्यापासून माणसं तरीवर पाय ठेवणार नाहीत. पलीकडची पोरं शाळेत कशी येणार, तेही छाप. अरे, पावसानंतर मी नवी तर घालतोच आहे. माझा शब्द घे."

भाईंनी शब्द घेतला. परत येऊन त्यांनी दत्तारामला ते पत्र पानातून काढायला सांगितलं. त्या जागी शाळेचा निकाल बसला. दत्तारामने नीरजाने जुळवलेले खिळे एकेक करून ज्याच्या त्याच्या खणात टाकले. पाऊस आला, गेला. दसऱ्याला भाईंनी एकदा विचारलं, तेव्हा भिकाजीशेट म्हणाले, लाकूड यायचं आहे. मग भाईंनी पुन्हा विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते विसरून गेले.

कार्तिकात पलीकडच्या तीरावर जत्रा होती. सव्वीस माणसं घेऊन तर निघाली आणि मध्यावर पाण्याने भरली. सतरा माणसं कशीबशी काठाला लागली. नऊ गेली. त्यांत विमला नावाची एक बारा वर्षांची मुलगी होती, नवं परकर-पोलकं घालून जत्रेला निघालेली. आणि त्यांत बाबली होता. तो पोहून सहज वाचला असता. पण तो दोनदा माणसं काढून पुन्हा आत गेला, असं वाचलेल्यांतला एकजण सांगत होता. तिसऱ्यांदा तो वर आला नाही.

त्याच संध्याकाळी भिकाजीशेट कचेरीत आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "गुरुदास, तो प्यायला होता रे. सगळे म्हणतायत."

सगळे म्हणजे कोण, हे भाईंनी विचारलं नाही. पस्तीस वर्षांत न विचारलेला तो एकच प्रश्न. पुढे कधी हे उघड झालं असतं, तर लोक म्हणाले असते की भाईंनी मित्राला वाचवलं. तसं असतं तरी बरं होतं. मित्रासाठी भाईंनी काहीच केलं नाही. तरीच्या फळ्या कुजल्या होत्या असं छापलं असतं, तर कोणाकोणाला ठाऊक होतं हे पुढे आलंच असतं. आणि बाबलीचं पत्र त्यांच्याच टेबलाच्या खणात होतं. शनिवारच्या अंकात त्यांनी लिहिलं, 'तांडेलाने मद्यप्राशन केले होते असे समजते.' 'समजते' हा शब्द वर्तमानपत्रवाल्याच्या फार सोयीचा. कोणाला समजते, कोणाकडून समजते, काही सांगावं लागत नाही.

बाबली एकेकाळी प्यायचा, हे देवबागात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून त्या एका ओळीवर कोणी शंका घेतली नाही. ते दोन आठवड्यांचे अंक भाईंनी नीरजाला पाठवले नाहीत. अपघाताचं तिला पुढे उडत उडत कळलं. ती धरून चालली की पत्र छापून आलं होतं, पण लोकांनी मनावर घेतलं नाही. बाबांनी पत्र छापलं नसेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. भाईंनीही तो विषय घरात निघू दिला नाही. आणि पुढे भिकाजीशेट वारले, तेव्हा त्यांचा फोटो वाचनालयाच्या भिंतीवर लागला. त्याच फोटोखाली टीव्हीचं टेबल होतं.

वाचनालयातून घरी येताना नीरजाची पावलं जमिनीवर नव्हती.

"बाबा, एकाहत्तरची फाईल माळ्यावर असेल ना? तो अंक मला हवाय. माझा पहिला मजकूर. चौकटीत घालून लावणार आहे मी."

"वाळवी लागली होती तिला," भाई म्हणाले. "टाकली मी ती."

"सगळी?"

"सगळी."

ती हळहळली. भाईंनी डोकं दुखतंय म्हणून पान तसंच सारलं आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे पानं छापायचा दिवस. दत्ताराम ट्रेडल मशीनवर पाय मारत होता. नीरजा लहानपणासारखी खिळ्यांच्या पेटीशी उभी राहून खण चाचपत होती. एवढ्यात राधाबाई दारात आली. डोक्यावरची पाटी उतरवून तिने पायरीवर ठेवली आणि पदराने हात पुसले. एवढ्या वर्षांत ती या पायरीवर कधी आली नव्हती. आणि भाईही बाजारात मासळीच्या रांगेत तिच्या बाजूला कधी फिरकले नव्हते.

"भाईनु, वायच विचारूचा होता," ती म्हणाली. "काल टीव्हीत दाखयल्यानी, ता पत्र माज्या घोवाचा काय?"

नीरजाच पुढे झाली. "हो, राधाबाई! या, आत या. तुमच्याच नवऱ्याचं. मी माझ्या हाताने जुळवलं होतं ते."

"माका वाटलाच ता," राधाबाई म्हणाली. "माका लिवक-वाचूक येना नाय. पण ता हसाचा म्हणत होतो ना, ता मी वळाखलंय. घराक पण तसाच म्हणा. माणसां भियाली काय एका बाजूक जातत, म्हणान मी हसतंय. पण तेना पेपरात लिवन धाडल्यान, ह्या माका म्हायती नाय." तिने भाईंकडे पाहिलं. "छापून इलेला ता?"

"आलं होतं ना. बाबांनी छापलं होतं."

"मगे माका कोणी कसा सांगूक नाय?"

नीरजाने हसत वडिलांकडे पाहिलं आणि तिचं हसू तसंच राहिलं. दत्तारामचा पाय थांबला होता. मशीनचं चाक आपल्या वेगाने दोन फेरे फिरलं आणि तेही थांबलं.

आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. सोळा वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणणार? भाई ते म्हणणारही होते. पण राधाबाई त्यांच्याकडे रागाने बघत नव्हती. घरातलं हरवलेलं भांडं शेजाऱ्याकडे सापडावं, तशी ती आशेने बघत होती. भाईंच्याने ते पाहवलं नाही.

"छापूक नाय, राधाबाय," ते म्हणाले. घरात पुस्तकी बोलणारे भाई अशा वेळी मालवणीतच बोलले. "माज्या खणात होता."

"कितके दीस?"

"अजून आसा."

त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला आणि घडी पडून पिवळं झालेलं पाकीट वर ठेवलं. कोणी त्याला हात लावला नाही.

"म्हंजे तर कुजलली हा, ता तुमका ठावक होता."

"होय."

"आणि तरी तो पियालेलो म्हणान लिवल्यात."

"भिकाजीशेटान सांगल्यान. खरा-खोटा मी विचारूक नाय."

राधाबाई पायरीवर बसली. ती पाटीतल्या मासळीवरच्या माश्या हाताने वारत राहिली. मग बोलली ती भाईंशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी.

"जत्रेच्या दिसा सकाळी माका सांगून गेलेलो. आज ओठाक लावचंय नाय, म्हणालो. मगे तुमचो पेपर इलो. मास्तरान वाचून दाखयल्यान. माका वाटला, जाता जाता माका फसयल्यान तेना. आठ माणसांचो जीव घेतल्यान. मी घराभायर तोंड काढूक नाय वर्सभर. सोळा वर्सां शिव्या घातलंय तेका. तेचो म्हाळ, सराद एकदाय घालूक नाय. लोक पक्षात वाडी दाखयत आणि मी म्हणा, जा रे दारुड्या, रव थंयच माशांबरोबर." तिने मान वर केली. "माज्या तोंडान म्हटलंय मी ता, भाईनु. तुमच्या पेपराचा ऐकान."

भाईंनी पाकीट उचलून तिच्यापुढे केलं. तिने मान हलवली.

"माका कशाक? माका वाचूक येना नाय. सगळ्यांका वाचूक मेळात, तसा करा."

तिने पाटी डोक्यावर चढवली आणि ती बाजाराकडे गेली. मासे विकायचे राहिले होते.

 नीरजा म्हणाली, "वाळवी लागली म्हणालात काल."

भाईंनी उघडा राहिलेला खण लावला.

"त्या दिवाळीचे दोन अंक मला मिळालेच नव्हते. मी समजायची, पोस्टाने हरवले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर भाईंना सोसलं असतं. "मुंबईत लोक मला विचारतात, असा संपादक खरोखर असतो का? मी सांगते, असतो. माझ्या घरी आहे. अजून आठ भाग दाखवायचेत, बाबा. सगळे चित्रित होऊन पडलेत. प्रत्येकात नाना असाच आहे. मी आता कुठं कुठं पुसू?"

दुपारच्या एस.टी.ने ती कणकवलीला निघाली. तिथून मुंबईची गाडी धरणार होती. नेहमी भाई बॅग घेऊन स्टँडवर जायचे. "मी जाईन," ती म्हणाली. निघताना पाया पडली, पण अनोळखी घरातल्या वडीलधाऱ्याच्या पडावं तशी, घाईघाईने. गल्लीच्या वळणावर तिने मागे वळून पाहिलं नाही.

भाई दारातून आत आले तेव्हा दत्तारामने पहिल्या पानाच्या चौकटीचे खिळे ढिले करायला घेतले होते. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"ते खिळे मीच सोडलेलंय त्या दिसा," तो म्हणाला. "पोरीन सगळो दीस उबी रवान जुळयलेले. एकेक अक्षर माका आठवता."

"कधी बोलला नाहीस."

"तुमी विचारूक नाय," दत्ताराम म्हणाला. मग खिळ्यांवर हात ठेवून, "माज्या पण तोंडात जीभ होती, भाई."

त्या शनिवारी 'जागल'च्या पहिल्या पानावर बाबलीचं पत्र आलं. खाली भाईंच्या सहीचा मजकूर होता. पस्तीस वर्षांत त्यांनी एवढं साधं कधी लिहिलं नव्हतं. 'वरील पत्र एकाहत्तरच्या मे महिन्यात माझ्याकडे आले. मी ते छापले नाही. तर बुडाल्यावर, तांडेल प्यायला होता असे मी छापले. त्याला कोणताही आधार नव्हता. बाबली केळुसकर बुडणाऱ्यांना काढताना गेला. ही बातमी मी सोळा वर्षे दाबून ठेवली.' आणि खाली नऊ नावं.

गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. भिकाजीशेटांचा मुलगा येऊन बोलून गेला, मेलेल्या माणसाची माती कशाला उकरता म्हणाला. कोणी म्हणालं भाईंचं वय झालं, कोणी म्हणालं मालिका डोक्यात गेली. वाचनालयात त्यांची खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी राहीनाशी झाली. हे सगळं भाईंनी सोसलं. सोसवलं नाही ते एकच.

मंगळवारी देवबागहून एक वाळलेला म्हातारा आला. त्या बारा वर्षांच्या विमलाचा बाप. त्याच्या हातात अंक होता. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच त्याने बोटावर मोजलं, वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण, भादवो, आश्विन.

"सा म्हयने," तो म्हणाला. "सा म्हयन्यात एक तर दुरुस होना नाय?"

तो खरोखरच उत्तराची वाट बघत उभा राहिला.  मग म्हातारा अंकाची नीट घडी घालून निघून गेला.

भाई पुढचा अंक लिहायला बसले. देवबागच्या बंधाऱ्याची बातमी होती. 'काम लवकरच सुरू होणार असल्याचे' इथवर लिहिलं आणि पुढचा 'समजते' हा शब्द लिहवेना. तो शब्द टाळून त्यांनी तीनदा वाक्य फिरवलं. मग कागद बाजूला सारला. त्या शनिवारी 'जागल' निघाला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. दत्ताराम रोज सकाळी येऊन मशीन पुसायचा आणि दुपारी घरी जायचा.

मालिकेचा सहावा भाग झाला, सातवा झाला. भाई गेले नाहीत. नीरजाचं एक आंतर्देशीय आलं. आत चार ओळी होत्या. 'अंक मिळाला. इथे सगळ्यांना वाचायला दिला. दिग्दर्शकाने विचारलं, हे गृहस्थ कोण? मी सांगितलं, माझे वडील. दिवाळीला येणं जमणार नाही.' भाईंनी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'माझे वडील' हे तिने कोणत्या आवाजात सांगितलं असेल, ते त्यांना काही केल्या कळेना.

पितृपक्षाचे शेवटचे दिवस होते. राधाबाईची लेक लक्ष्मी बाजारात आली होती, ती छापखान्याच्या दारावरून हाक मारून गेली. "भाईनु, सोमवारी बापाशीचो म्हाळ आसा. आवशीन तो कागद घेवन येवक सांगल्यान."

सोमवारी भाई देवबागला गेले. एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, मध्ये माडांखाली राधाबाईचं घर. अंगण सारवलं होतं. भावकीतली दहाबारा माणसं जमली होती. भाई आले तशी बोलणी थांबली. कोणी त्यांना पाट दिला नाही. राधाबाई चुलीकडून बाहेर आली. तिच्या हातात केळीच्या पानावर वाढलेली वाडी, गेलेल्याच्या नावाचं जेवण, होती. भात, वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, सगळं होतं. ते पान तिने तुळशीपाशी ठेवलं.

"वाचा," ती म्हणाली. "तेच्या नावान वाडी ठेवच्या आधी सगळ्यांका आयकां दे."

भाईंनी पाकिटातून पत्र काढलं. कागद दोन्ही हातांनी धरला आणि उभ्यानेच वाचलं. फळ्या कुजल्याचं, मालकाला तीनदा सांगितल्याचं, डब्याने पाणी उपसल्याचं, हसण्याचं. माणसं मान खाली घालून ऐकत होती. लक्ष्मीने पदराचा बोळा तोंडात धरला होता. जुळवताना जागेसाठी पत्राची अखेर कोणीच घेतली नव्हती, ना तेव्हा नीरजाने, ना या खेपेला दत्तारामने. ती भाईंनी आज वाचली. 'कळावे, आपला नम्र, बाबली सोमा केळुसकर.'

"ता परत वाचा," राधाबाई म्हणाली. "शेवटचा."

भाईंनी परत वाचलं.

"नम्र म्हंजे काय?"

 भाईंनी आयुष्यभर हा शब्द शेकडो पत्रांखाली पाहिला होता. त्याला काही अर्थ असतो, हे ते कधीच विसरून गेले होते.

"नम्र म्हंजे," ते म्हणाले, "समोरच्याचो मान ठेवन बोलणारो."

राधाबाईने मान हलवली. "तसोच होतो," ती म्हणाली. मग तिने पान उचललं आणि माडांमधून समुद्राच्या अंगाला गेली. बाकीची माणसं तिच्यामागून गेली. तिचा आवाज ऐकू येत होता. ती त्याला नाव घेऊन बोलावत होती, आधी हळू, मग मोठ्याने, ये रे, ये, जेवूक ये.

भाई अंगणाच्या कडेला पत्र हातात धरून उभे राहिले. जेवायला बसा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हटलं नव्हतं.